मेसच्या हिशोबाचा व्हायवा

व्यवसाय व्यवस्थापन विभागाचा २०२०-२१ चा वार्षिक अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा रकाने भरायला फार वेळ लागला नाही. वेबिनार झाले, सहकाऱ्यांचे शोधनिबंध छापून आले, ऑनलाइन मुलाखती देऊन मुलं नोकरीला लागली. त्यामागची धडपड मी जवळून पाहिली आहे आणि तिचा मला अभिमान आहे. तरी त्या वर्षाची खरी कमाई कोणती असं विचाराल, तर मी एका विद्यार्थिनीचा व्हायवा, म्हणजे तिच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा, सांगेन.

एमबीएच्या दुसऱ्या सेमिस्टरनंतर मुलं उन्हाळ्यात इंटर्नशिपला जातात. २०२० मध्ये ११ मार्चला नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. १४ आणि १५ मार्चला पुढच्या बॅचची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, तेवढी उरकली, आणि २५ तारखेपासून सगळा देश बंद. बुटीबोरी-हिंगण्याकडच्या कंपन्यांतून एकापाठोपाठ नकार आले. तेव्हा विभागाच्या बैठकीत आम्ही ठरवलं, की मुलांनी आपल्या घरातल्या नाहीतर गल्लीतल्या धंद्याचा अभ्यास करावा. चालू असो की बंद पडलेला. काही सहकाऱ्यांना हे पटत नव्हतं. कंपनीच्या सर्टिफिकेटशिवाय प्रोजेक्ट कसला, हा त्यांचा प्रश्न गैर नव्हता. पण दुसरा मार्गही कुणाकडे नव्हता.

व्हायवा वर्गात घ्यायचा बेत होता. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस शहरात रुग्ण पुन्हा वाढले, महाविद्यालयं बंद झाली आणि आम्ही परत स्क्रीनसमोर येऊन बसलो. बाह्य परीक्षक बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी होते. सगळा जन्म कर्जाच्या फायली तपासण्यात गेलेला माणूस.

सुरुवातीला म्हटलं त्या विद्यार्थिनीची आई हनुमाननगरात मेस चालवते. खोली घेऊन राहणारी मुलं हे तिचं गिऱ्हाईक. मार्चमध्ये मुलं गावी गेली आणि मेस बंद पडली. ऑगस्ट-सप्टेंबरात मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, रुग्णांनी भरलं, तेव्हा नातेवाइकांसाठी आणि घरी विलगीकरणात असलेल्यांसाठी तिनं डबे सुरू केले. मुलीनं या दोन्ही काळांचा खर्च मांडून ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा होईल तो आकडा, काढला होता. एका डब्यामागे सुटणारे पैसे मेसच्या ताटापेक्षा जास्त होते.

परीक्षकांनी विचारलं, "नफा वाढला, तर मग सप्टेंबरात भिशी का उचलली?" तिनं वहीचे फोटो परिशिष्टात जोडले होते. त्यातली एक ओळ त्यांनी बरोबर हेरली होती.

ती गडबडली नाही. म्हणाली, "सर, मेसची मुलं महिन्याचे पैसे आधी द्यायची. त्याच पैशात किराणा यायचा. डब्याचे पैसे मात्र नंतर मिळायचे. कुणी पेशंटला सुट्टी झाल्यावर द्यायचं, कुणाच्या घरी तर मागायची सोयच राहिली नव्हती. आणि किराणावाल्यानं उधारी बंद केली होती. वहीत नफा दिसत होता, पण गल्ल्यात पैसा नव्हता."

खेळतं भांडवल शिकवताना मी वर्षानुवर्षं मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद फळ्यावर लिहीत आले आहे. नफा वेगळा आणि रोकड वेगळी, हे इतक्या थोड्या शब्दांत कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

परीक्षक थांबले नाहीत. भिशी लिलावात लवकर उचलायची तर तोटा सोसावा लागतो, म्हणजे रकमेतला काही भाग सोडावा लागतो. तो तोटा खर्चात कुठे धरला? तो धरलेला नव्हता. त्यांनी तिला वेळ दिला. तिनं तिथेच कॅल्क्युलेटर घेतलं, सोडलेली रक्कम आणि उरलेले महिने मांडून वर्षाचा दर काढला. तो बँकेच्या व्याजापेक्षा कितीतरी जास्त निघाला.

"मग बँकेचं कर्ज का नाही घेतलं?" परीक्षकांनी विचारलं.

उत्तर मागून आलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आमाले कोण देते जी कर्ज?"

मुलीनं आईला हातानं थांबवलं आणि मुद्दा पुरा केला. जून २०२० मध्ये आलेली स्वनिधी योजना, तिचं दहा हजारांचं कर्ज, हे फेरीवाल्यांसाठी होतं. घरातली मेस त्यात बसत नाही. मे महिन्यात जाहीर झालेलं सरकारच्या हमीवरचं तातडीचं कर्ज २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्यांच्यावर आधीचं कर्ज बाकी होतं, त्यांच्यासाठी. "आईवर कधी कर्जच नव्हतं, सर. म्हणून तिला मिळणारही नव्हतं."

परीक्षक काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "या माऊलीची फाइल माझ्या टेबलावर आली असती, तर नियमानं मीही परतच पाठवली असती." त्यांनी मग आईला बोलतं केलं. सिलिंडर किती दिवस पुरतो, पोळ्यांना माणूस लावला का, डबे परत येत नाहीत तर पॅकिंगचा खर्च कुणाच्या माथी. आई बिनचूक सांगत होती आणि मुलगी तिचे आकडे आपल्या तक्त्यात दुरुस्त करून घेत होती. पुढचे विद्यार्थी खोळंबले होते, पण घड्याळ दाखवायचं माझ्या मनात आलं नाही.

त्या मुलीला गुण चांगले मिळाले, ते सांगायला नकोच.

अहवालात या कामासाठी रकाना नव्हता. शेवटी 'इतर उपक्रम' म्हणून दोन ओळींची जागा होती, तिथे मी अर्धं पान लिहिलं. विभागप्रमुखांनी त्यातला एक शब्दही कापला नाही. आता कंपन्या पुन्हा मुलांना घेतात, तरी घरच्या धंद्याचा एक छोटा प्रोजेक्ट आम्ही सुरूच ठेवला आहे. कुणी इतवारीतल्या दुकानाची उधारी मोजतं, कुणी काटोलच्या संत्र्याच्या बागेवर व्यापाऱ्यानं दिलेला इसार आणि तोडणीनंतर हाती पडलेले पैसे यांच्यामधले दिवस मोजतं. आणि भिशीचा दर प्रत्येकाला काढावाच लागतो.