लग्नपत्रिकेपासून अनुक्रमणिकेपर्यंत : आमची वाटचाल

बेळगावच्या शहापुरात आमचं डीटीपीचं (कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून पानं लावण्याचं) दुकान सुरू झालं ते लग्नपत्रिका आणि बिलबुकांवर. भांडवल म्हणजे एक कॉम्प्युटर, पानं लावायचं पेजमेकर आणि मराठी अक्षरांसाठी श्रीलिपी ही सॉफ्टवेअरं. पण बेळगावला गाण्याचं वेड जुनं. कुमार गंधर्व १९२४ साली जन्मले ते सुळेभावीला, इथून जवळच. त्यामुळे गाण्याच्या मंडळांच्या स्मरणिका येत गेल्या आणि बघता बघता संगीताच्या अंकांची मांडणी हेच आमचं मुख्य काम झालं.

आतली पानं कुणीही लावतो. मांडणीकाराचा कस लागतो तो अनुक्रमणिकेत. आपली रूढ पद्धत ठाऊक आहेच: डावीकडे लेखाचं नाव, मध्ये टिंबांची रांग, उजवीकडे पान. दिवाळी अंकाला ती शोभते. संगीताच्या अंकाचा वाचक मात्र आधी कलाकार शोधतो. ‘स्वरसाधनेची वाट’ असं शीर्षक दिलं, तर आत मल्लिकार्जुन मन्सूर आहेत की गंगूबाई हनगल, हे त्याला कळणार कसं?

पुण्याच्या रद्दीवाल्यांकडून मी इंग्रजी संगीत नियतकालिकांचे जुने अंक आणायचो, ते इथे कामी आले. १९५२ साली सुरू झालेल्या ‘एनएमई’ या ब्रिटिश साप्ताहिकाच्या काही अंकांत अनुक्रमणिकेच्या कडेला बँडच्या नावांची अकारविल्हे यादी आणि पुढे पान क्रमांक. १९८६ साली निघालेल्या ‘क्यू’ या ब्रिटिश मासिकाचं लाल चौकोनी बोधचिन्ह या पानावरही कोपऱ्यात हजर. विशेष लेख एका रकान्यात, दर महिन्याची सदरं दुसऱ्यात, मुखपृष्ठावरच्या कलाकाराचा फोटो सगळ्यांत मोठा आणि पान क्रमांक थेट फोटोवर. रंग दोन-तीनच, तेही मुखपृष्ठावरचे.

हे जसंच्या तसं देवनागरीत उतरत नाही. इंग्रजीत विभागाचं नाव कॅपिटल अक्षरांत टाकलं की वेगळं उठून दिसतं. आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून जाडी, आकार नाहीतर रंग बदलायचा. शिवाय वर वेलांट्या, खाली उकार. ओळींत जागा जास्त सोडावी लागते आणि इंग्रजीत तीस नावं मावणाऱ्या रकान्यात आपली वीसच बसतात.

खरी डोकेदुखी तिसरीच. अकारविल्हे यादी दाखवली की मंडळाचे कार्यवाह हमखास म्हणतात, “अहो, बुवांच्या आधी त्यांच्या शिष्याचं नाव?” फोटोच्या आकारावरूनही रुसवे होतात. मी आता फोटो ज्येष्ठतेनुसार लावतो आणि यादी अकारविल्हेच ठेवतो. यादीत तबला-पेटीवाल्यांनाही जागा मिळते. एरवी साथीदारांना विचारतो कोण?

अंक मराठी-कानडी असेल तर दोन रकाने शेजारी-शेजारी लावतो. आकडे मात्र दोन्हीकडे इंग्रजी. नाहीतर एकाच पानाला दोन लिप्यांतले क्रमांक लागतात आणि प्रूफ वाचणारा वैतागतो.

जाहिराती शेवटच्या घटकेपर्यंत येत राहतात, पानं सरकतात. म्हणून अनुक्रमणिकेचा पहिला फर्मा (एका कागदावर एकत्र छापायच्या पानांचा संच) आम्ही छापायला शेवटी सोडतो. हल्ली बरेच अंक पीडीएफमध्येही मागतात. तिथे पान क्रमांकावर बोट ठेवलं की लेख उघडतो, त्यामुळे क्रमांक मोठे घ्यायचे आणि एकमेकांपासून लांब ठेवायचे. तेवढ्यासाठी टिंबांची रांग आता कायमची काढली.