एक युनिटचा डबा

पहिल्या रात्री लाईट गेली तेव्हा नव्या आणलेल्या बॅटरीच्या डब्याच्या स्क्रीनवर "१० तास" दिसत होतं. एक स्टँड फॅन, एक टेबल लॅम्प आणि वायफायचा राऊटर एवढंच लावलं होतं, आणि मी घरात सगळ्यांना ऐकवत फिरत होतो की बघा, सकाळपर्यंत काळजी नाही. तेवढ्यात आईने विचारलं फ्रिजचं काय, मग फ्रिजचा प्लग पण त्यात खोचला, कॉम्प्रेसर घुर्रर्र करून सुरू झाला आणि १० चे ४ झाले. १५-२० मिनिटांनी कॉम्प्रेसर बंद पडला तर परत ९. मला वाटलं मशीन खराब निघालं. खराब वगैरे काही नव्हतं, ती स्क्रीन फक्त त्या क्षणाला किती वीज ओढली जातेय त्यावरून भागाकार करून दाखवते, पुढचं तिला काय माहीत. तेव्हापासून तासांकडे बघणं सोडून दिलं, मी टक्के बघतो.

तर हा जो "सोलर जनरेटर" नावाने विकतात त्या डब्याबद्दल लिहायचंय, कारण मला वाटतं त्या नावानेच अर्धी फसवणूक होते. जनरेटर म्हटलं की डोक्यात येतं वीज तयार करणारं काहीतरी. हा काही तयार करत नाही. आत एक लिथियमची बॅटरी, ती सांभाळणारं सर्किट, बॅटरीच्या डीसी विजेची घरातल्या सॉकेटसारखी एसी वीज करणारा इन्व्हर्टर आणि पॅनलची वीज बॅटरीला झेपेल अशी सोडणारा चार्ज कंट्रोलर, एवढं सगळं हँडल लावलेल्या एका खोक्यात. वीज जी काय तयार होते ती पॅनलमध्ये, आणि पॅनल बऱ्याचदा वेगळं घ्यावं लागतं.

आता माझ्या डब्यावर लिहिलंय १००० वॅट-अवर. आकडा ऐकायला कसला भारी वाटतो ना? पण लाईट बिलात जे एक युनिट असतं ते म्हणजे १००० वॅट-अवरच! म्हणजे हे जे १२-१३ किलोचं धूड मी कंबर सांभाळत उचलतो त्यात अख्खी मिळून १ युनिट वीज मावते. हे मला घेतल्यानंतर कळलं हे कबूल करतो. त्यातले पण १०-१५ टक्के डीसीचं एसी करताना उष्णतेत जातात, म्हणजे हातात येतात साधारण ८५०.

अजून एक गोंधळ वॅट आणि वॅट-अवरचा. वॅट म्हणजे नळाची धार, वॅट-अवर म्हणजे टाकीतलं पाणी, दोन्ही वेगळं बघायचं. एका मित्राचा छोटा डबा आधी ट्राय केला होता, ३०० वॅटचा. आमचा फ्रिज चालू असताना १२० वॅटच खातो, मीटर लावून बघितलंय, म्हटलं आरामात चालेल, पण लावला की डबा लगेच ओव्हरलोड दाखवून बंद. कारण कॉम्प्रेसरची मोटर सुरू होतानाच्या पहिल्या झटक्याला कितीतरी पट जास्त ओढते, अगदी क्षणभर, पण तो क्षण झेपला नाही की संपलं. त्यामुळे फ्रिज, पंप असलं मोटरवालं काही चालवायचं असेल तर डब्याचा सर्ज किंवा पीकचा आकडा बघा. आणि गीझर, हीटर, इस्त्री, केटल ही मंडळी तर विसराच. २००० वॅटचा हीटर एखाद्या मोठ्या डब्याने उचलला तरी १ युनिटची टाकी २५ मिनिटांत कोरडी.

सगळ्यात जास्त शिकलो ते डब्याकडून नाही, तर प्लगमध्ये लावायच्या त्या साध्या वीज मोजणाऱ्या मीटरकडून. आमचे जुने स्टँड फॅन प्रत्येकी ५५ वॅट खात होते. दोन फॅन, रात्रीचे ८ तास, झाले ८८०. म्हणजे नुसत्या पंख्यांनाच डबा पुरत नव्हता! मी मोठा डबा बघायला लागलो होतो, मग बायको म्हणाली पंखेच बदल की. बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरवाले दोन घेतले, ३० वॅटचे. आता हिशोब असा, दोन पंखे ८ तास ४८०, राऊटर ८०, दोन ९ वॅटचे दिवे ४ तास ७२, चार मोबाईल फुल करायला साधारण ६०. झाले ६९२. आणि इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतःच १०-१२ वॅट खात असतो, त्याचे रात्रभराचे शंभरेक. सगळं मिळून ७९०च्या आसपास, म्हणजे सकाळी उठेपर्यंत चिमूटभर शिल्लक. जास्तीचा डबा घेण्यापेक्षा दोन पंखे बदलणं केव्हाही स्वस्त पडलं. (स्टँड फॅनच का, तर छताच्या पंख्याला प्लग नसतो. हे पण मला डबा घरी आल्यावरच सुचलं, हसू नका.)

त्या इन्व्हर्टरच्या स्वतःच्या भुकेवरून एक सांगतो. नुसता राऊटर चालवायचा असेल तर एसी सॉकेटला लावूच नका, राऊटर १० वॅटचा आणि त्याच्यासाठी जागा राहणारा इन्व्हर्टर १२ वॅटचा, म्हणजे घोड्यापेक्षा नाल महाग. बहुतेक राऊटर आतून १२ व्होल्ट डीसीवरच चालतात, तुमचा कितीचा आहे ते त्याच्या अडॅप्टरवर बघा, डब्याला १२ व्होल्टचं आऊटपुट असतं, त्याला साधी केबल जोडायची आणि एसीचं बटण बंद. मोबाईल पण यूएसबीवरच. एवढ्याने माझा राऊटर दोन-तीन दिवस निघतो.

फ्रिजचं शेवटी असं ठरवलं की लगेच लावायचाच नाही. दार उघडलं नाही तर साधारण ४ तास आतला गारवा टिकतो. त्यामुळे लाईट गेली की दारावर "उघडू नका" चिठ्ठी, ४ तासांनी पण लाईट आली नाही तरच डबा, तो पण तासभर चालू मग बंद असं करत.

आता ऊन. इथे मी खरा तोंडावर आपटलो. पॅनल २०० वॅटचं. हिशोब केला, १००० भागिले २००, ५ तासांत फुल! बाल्कनीत लावलं, दुपारी १२ ला स्क्रीनवर १३८. बरं ते २०० येतात कुठून, तर लॅबमध्ये, चौरस मीटरला १००० वॅटचा प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश असताना. कडक उन्हात पॅनल ६०-६५ अंशांपर्यंत तापतं आणि २५च्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्का पॉवर कमी होते, म्हणजे १३-१४ टक्के तर नुसत्या तापण्यात गेले. ऊन जास्त तर वीज जास्त हे खरं, पण गरमी जास्त तर वीज कमी, हे पचायला मला वेळ लागला. वर पॅनलचा कोन चुकलेला, थोडी धूळ, थोडं केबलमध्ये.

आणि सावली! एक दिवस स्क्रीनवर एकदम ३० वॅट. आकाश निरभ्र. बघतो तर रेलिंगच्या एका बारीक गजाची सावली पॅनलवर आडवी. पॅनलमधले सेल एकामागोमाग साखळीत जोडलेले असतात, त्यातला एक अडला की त्याच्या मागचे पण अडतात, बायपास डायोड, म्हणजे अडलेल्या सेलना वळसा घालून वीज पुढे नेणारे भाग, थोडं सांभाळून घेतात पण सगळं नाही. पॅनल वीतभर सरकवलं तर परत १३०. काचेच्या खिडकीआड ठेवून पण बघितलं, पाऊस होता म्हणून, जवळपास काहीच नाही. ढगाळ दिवशी दहा-वीस टक्के आले तरी खूप.

आमच्या बाल्कनीत धड ऊन साडेतीन तास. म्हणजे दिवसाला चारशेच्या आसपास, म्हणजे रिकामा डबा भरायला अडीच दिवस. तेव्हा स्पष्टच सांगतो, एका रात्रीसाठी बॅटरी महत्त्वाची, पण लाईट तीन-चार दिवस गेली तर पॅनल आणि तुमच्याकडे ऊन येतं किती हेच महत्त्वाचं. गच्ची किंवा अंगण असेल तर मजा आहे. नसेल तर भिंतीच्या सॉकेटवरून फुल करून ठेवायचा आणि सोलरला बोनस समजायचं. आणि एक, डबा स्वतः उन्हात ठेवू नका. मी पॅनलच्या शेजारी ठेवला होता, तापला आणि त्याने चार्जिंगच थांबवलं. लांब केबल घ्या, डबा घरात.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घ्या, तिथे काटकसर नको. थोडी जड असते, पण ३००० वेळा भरून-रिकामी केल्यावरही साधारण ८० टक्के क्षमता उरते असं बरेच उत्पादक देतात, जुन्या एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाल्या लिथियम बॅटरी) प्रकारात तोच आकडा ५०० ते ८०० असायचा. तापून पेट घ्यायची भीती पण कमी. हे मटेरियल १९९० च्या दशकात जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या लॅबमधून आलं, ज्यांना २०१९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी नोबेल मिळालं, वयाच्या ९७व्या वर्षी. शून्य अंशाखालच्या थंडीत मात्र चार्ज करायची नाही, आत धातूचं लिथियम साचून ती कायमची बिघडते. वापरत नसाल तर निम्मी-अर्धी भरून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा.

एक गोष्ट मात्र गंमतीत घेऊ नका. दोन्ही बाजूंना प्लग असलेली केबल बनवून डब्याची वीज भिंतीच्या सॉकेटमधून घरात सोडायची आयडिया काही लोक देतात. अजिबात नको. मेन स्विच बंद करायचा राहिला तर ती वीज उलटी बाहेरच्या लाईनवर जाते, आणि खांबावर चढलेल्या माणसाच्या दृष्टीने ती लाईन मेलेली असते. छतावरचं ग्रिडला म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेलं साधं सोलर लाईट गेल्यावर आपोआप बंद होतं ते याचसाठी. ओळखीत एकाच्या छतावर ढीगभर पॅनल आहेत आणि भर दुपारी लाईट गेली की तो मोबाईल चार्ज करायला माझ्याकडे येतो.

घ्यावा का? स्वतःचं घर असेल आणि लाईट रोजच जात असेल तर फिक्स बसवलेला इन्व्हर्टर बरा, छतावरचे पंखे-दिवे आपोआप चालतात. घर भाड्याचं असेल, वायरिंगला हात लावता येत नसेल, तर हा डबा. पेट्रोलच्या जनरेटरसारखा धूर नाही, त्यामुळे बेडरूममध्ये पण ठेवता येतो. पेट्रोलवाला घरात चालवला तर कार्बन मोनॉक्साईडने माणसं मरतात.

सध्या दुसऱ्या पॅनलचा विचार चाललाय. डब्याला ६० व्होल्टपर्यंत चालतं, पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काही न जोडता येणारं, २४, म्हणजे दोन सिरीजमध्ये (एकामागे एक) जोडली तर ४८, बसतंय. तीन लावली तर ७२, कंट्रोलर गेलाच. दोनचं पक्कं केलंय, फक्त ते दुसरं पॅनल जिथे ठेवायचं तिथे कपडे वाळत असतात, त्यावर घरात बोलणी चालू आहेत.