लेकीची अंगणवाडी

माझ्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर पुरता ताबा नसतो. तिसरं वर्ष सरलं तेव्हा ती आधाराने बसायची, शब्द तुटक यायचे, पण समज पक्की. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, आता तिला मुलांत बसवा.

जवळच्या नर्सरीत फी, गणवेश सगळं ठरलं. ती माझ्या कडेवरून उतरत नाही हे लक्षात आलं आणि बाईंचा सूर बदलला. "आमच्याकडे तशा ट्रेन्ड टीचर नाहीत. तिचंच नुकसान होईल हो." घरी येऊन मी २०१६चा दिव्यांग हक्क कायदा वाचून काढला. कलम ३१ मोफत शिक्षणाचा हक्क देतं, तो ६ ते १८ वयाला. शिक्षण हक्क कायदाही सहापासूनच. आणि डॉक्टर म्हणतात, जे करायचं ते सहाच्या आत करा!

अंगणवाडीच्या ताईंनी मात्र "आणा की" म्हटलं. दिव्यांग मुलांसाठी केंद्राने २०२३च्या नोव्हेंबरात अंगणवाडीची कार्यपद्धती काढली आहे, हे मीच त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्यात खुर्ची मिळते का?" प्रश्न रास्तच होता. सतरंजीवर ही एका बाजूला कलंडायची. मॅडमनी माप काढून दिलं आणि आमच्या सुताराने प्लायवूडची खुर्ची केली: पाठ उंच, पायांच्या मध्ये ठोकळा, छातीला पट्टा, पुढे पाटी. पाटीवर हात टेकायला लागल्यापासून ती मणी उचलते. उंची मोजायच्या दिवशी वेगळीच अडचण आली. ती उभी राहीना, ताईंना आकडा तर भरायचाच होता. शेवटी आडवी झोपवून टेप लावली.

मुलांनी फार लवकर सामावून घेतलं. बडबडगीताला एक पोरगी तिचे हात धरून टाळ्या वाजवते. हे कुणी शिकवलेलं नाही.

अडलं ते शौचालयापाशी. भारतीय पद्धतीचं भांडं, दांडी नाही. मदतनीस बाई खिचडी, भांडी आणि वीसेक पोरं एकटीने सांभाळतात. त्यांनी हिला उचलून धरावं असं मी कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून मधल्या वेळेला मीच जाते. मला नोकरी नाही म्हणून हे जमतं. शेतमजुरीला जाणाऱ्या आईने काय करायचं?

यंदा तिला सहा पूर्ण होतील. जिल्हा परिषदेची शाळा पाहून आले. रॅम्प आहे, पण शौचालयाला दोन पायऱ्या आहेत. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज दिलाय, पोच घेतली आहे.