थरथर ३५ ची

मंगळवार

गाडीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन पुन्हा बांधून झालं, सुरू झालं, ऑइलचं प्रेशरही लगेच आलं. स्लोवर कान लावून ऐकलं तर नाव ठेवायला जागा नाही. रेस वाढवत नेली की मात्र सतराशे आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) पुढे पायाखालचा पत्रा घुमायला लागतो. एकवीसशेला आरसा, स्टिअरिंग, गिअरचा दांडा असं सगळंच थरथरतं. चोवीसशे ओलांडले की पुन्हा बरंच शांत. काम काढण्याआधी इंजिन धूर टाकायचं, ऑइल प्यायचं, पण असं कधी हललं नव्हतं.

लाइनर-पिस्टन नवे, बेअरिंग नवी, क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंड करून आणलेला, डिझेलचा फवारा मारणारे नोझल तपासून घेतलेले. म्हणजे जिथे हात लागला तिथे तिथे संशय. शिवाय थंड इंजिन सुरू करताना पांढरा धूर येतो, तो वेगळाच. काका म्हणाले, "नवं काम आहे, सेट होऊ दे जरा." रिंगा लाइनरवर बसायला वेळ लागतो हे मान्य. पण न बसलेल्या रिंगा नेमक्या एकवीसशेलाच आरसा कशाला हलवतील?

बुधवार

गाडी जागेवर उभी, न्यूट्रल. थरथर आहे. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस, चाकं हे सगळे सुटले. क्लच दाबून गिअर टाकला, म्हणजे क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबले. थरथर तेवढीच. फ्लायव्हील (क्रँकच्या मागच्या टोकाचं जड चाक) आणि त्यावरची क्लचची प्रेशर प्लेट मात्र क्रँकबरोबर फिरतच राहतात, त्यामुळे त्यांना अजून मोकळं सोडता येत नाही.

मग एकेका नोझलची पाइप सैल करून पाहिली. हा उद्योग फक्त जुन्या पद्धतीच्या यांत्रिक पंपावर. कॉमन रेलवर, म्हणजे फार जास्त दाबाच्या नव्या पद्धतीवर, असलं काही करायचं नाही. तिथला डिझेलचा फवारा कातडी भेदून आत शिरतो. आणि जुन्या इंजिनावरसुद्धा सैल केलेल्या नटाजवळ बोट न्यायचं नाही. चारही सिलिंडरला इंजिन सारखंच पडलं. मिस कुणीच मारत नाही.

इंजिनची फाउंडेशन रबरं कुणीतरी बदलायला सांगितली. बदलली तर थरथर केबिनमध्ये कमी पोचेल, एवढंच. जिथे जाणवते ती जागा आणि जिथे तयार होते ती जागा यांचा संबंध असेलच असं नाही. हात लावून थरथर शोधणाऱ्या माणसाला नेहमी सगळ्यात सैल पत्रा सापडतो.

गुरुवार

आज "कुठे" सोडून "किती वेळा" विचारायचं ठरवलं, आणि सगळा आठवडा इथेच वळला.

२१०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३५ फेरे. चार स्ट्रोकच्या इंजिनात एका सिलिंडरची पेटण्याची पाळी दोन फेऱ्यांत एकदा येते, म्हणून एकच सिलिंडर कमजोर असेल तर धक्का सेकंदाला साडेसतरा वेळा बसेल. फिरणाऱ्या एखाद्या भागाचं वजन एका बाजूला असेल तर फेऱ्याला एक धक्का, म्हणजे ३५. आणि चार सिलिंडर ओळीत असले की फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे ७०. याच ७० वर या रचनेचा जन्मजात दोषही असतो: पिस्टन वरच्या अर्ध्या प्रवासात जास्त जोरात धावतो, खालच्या अर्ध्यात सावकाश, त्यामुळे दोन वर आणि दोन खाली असूनही हिशेब पुरता फिटत नाही. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यावर क्रँकच्या दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट फिरणारे दोन शाफ्ट सुचवले होते. माझ्या इंजिनात ते नाहीत, तेव्हा त्यांचं टायमिंग चुकलं असेल ही शंकाही बाद.

फोन डॅशबोर्डला घट्ट चिकटवला आणि कंपनं मोजणारं अ‍ॅप चालू केलं. २१०० ला आकडा आला ३५.

लगेच खूश व्हायचं नाही. माझा फोन सेकंदाला १०० नोंदी घेतो, त्यामुळे ५० च्या वरचं त्याला जसंच्या तसं दिसत नाही. खरी ७० ची थरथर तो ३० म्हणून दाखवेल. म्हणून १८०० ला पुन्हा मोजलं. फेऱ्याला एक धक्का असेल तर आकडा ३० यायला हवा. फेऱ्याला दोन असतील तर खरा आकडा ६०, फोनवर मात्र ४०. आला ३०. म्हणजे रेस कमी केली तर आकडा कमी, आणि अगदी आरपीएमच्या प्रमाणात. शंका राहिली नाही: क्रँकच्या गतीने फिरणारं काहीतरी एका बाजूला जड आहे. पंखा आणि अल्टरनेटर पुलीच्या मापानुसार वेगळ्या गतीने फिरतात, त्यामुळे बेल्ट काढून बघायची गरजही उरली नाही.

नोझल, कॉम्प्रेशन, टॅपेट ही सगळी यादी या एका आकड्याने खोडली. उरले मागचे फ्लायव्हील-प्रेशर प्लेट, पुढची क्रँक पुली आणि आतले पिस्टन-रॉड. पिस्टन आणि रॉड बसवण्याआधी तोलले होते, वहीत नोंद आहे, फरक नगण्य. फ्लायव्हीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पुलीसाठी फक्त वाकावं लागतं. आधी वाकलो.

शुक्रवार

या इंजिनाची पुली म्हणजे नुसती पुली नाही, डँपर आहे. आतला हब क्रँकला बोल्टने आवळलेला, बाहेर जाड लोखंडी कडं, दोघांच्या मध्ये रबर. प्रत्येक स्फोटाला क्रँक किंचित पिळला जातो आणि सुटतो. ती पीळ कडं आणि रबर मिळून जिरवतात. (क्रँकच्या या पिळावरचा उपायही लँचेस्टर यांनी काढला होता. माणसाला थरथर मुळीच सहन होत नसावी.)

हबवरून, रबरावरून आणि कड्यावरून एकच सरळ पांढरी रेघ मारली. इंजिन सुरू करून थोडा वेळ एकवीसशेवर धरलं, बंद केलं. रेघ रबरापाशी तुटली होती. कडं हबपासून मागे सरकलं होतं.

नंतर कड्याजवळ डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) लावून क्रँक हाताने फिरवला. कडं मध्यावर नव्हतंच, जवळपास एक मिमी एका अंगाला. एक मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं. कडं २ किलोचं धरलं तर २१०० ला या एका मिमीचा ओढा १० किलो वजनाइतका भरतो, आणि तो दर फेऱ्याला दिशा बदलत फिरतो. हा जोर गतीच्या वर्गाने वाढतो, म्हणून ७५० च्या स्लोवर तो आठ पटींनी कमी. स्लोवर सगळं छान का वाटत होतं ते इथे कळलं. चोवीसशेनंतर शांत होण्याचं कारण वेगळं: झोक्याला नेमक्या तालावर धक्का दिला की तो उंच जातो, तसा केबिनच्या पत्र्याचा ताल ३५ शी जुळत होता. पुढे जोर वाढतच होता, जाणवत नव्हता एवढंच.

खरी चिडचिड पुढे झाली. कड्याच्या बाहेरच्या अंगावर चेन पान्याचे दात उमटलेले दिसले. क्रँक बसवून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये मधला बोल्ट आवळताना फ्लायव्हील अडवायचं सोडून कुणीतरी कडंच धरलं होतं. बोल्टचा सगळा टॉर्क रबरातून गेला. त्यात ते रबर आधीच गळक्या पुढच्या सीलच्या ऑइलने फुगलेलं.

आणि टीडीसीची, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो त्या जागेची, खूण याच कड्यावर आहे! नोझलच्या भोकातून पिस्टनवर डायल गेज टेकवून खरा टीडीसी काढला. पिस्टन अगदी वर असताना क्रँक थोडा फिरला तरी गेजचा काटा हलत नाही, म्हणून टोकावर खूण करायची नाही. आधी आणि नंतर सारख्या खोलीवर दोन खुणा करायच्या आणि मधला बिंदू घ्यायचा. कड्यावरची खूण ६ अंश उशिरा येत होती. पंपाचं टायमिंग त्याच खुणेवर लावलेलं, म्हणजे डिझेल ६ अंश उशिरा. थंडपणी पांढरा धूर आणि ही थरथर मी दोन वेगळी दुखणी समजत होतो.

एक गोष्ट रात्रभर डोक्यात राहिली. मला जाणवला तो कड्याचा हेलकावा. डँपरचं मूळ काम बंद पडलं होतं ते मात्र कुठेच जाणवलं नाही. क्रँकची पीळ आरशाला कळत नाही, हाताला कळत नाही. ती धातूला थकवत राहते आणि एखाद्या दिवशी क्रँकच तुटतो. कडं मध्यावर राहून नुसतं सैल झालं असतं तर मी गाडी बिनघोर चालवत राहिलो असतो.

रविवार

नवा डँपर बसवला. फ्लायव्हील अडवून बोल्ट आवळला, कड्याला हात लावू दिला नाही. पंपाचं टायमिंग खऱ्या टीडीसीवर पुन्हा लावलं. सकाळी थंड इंजिनाने धूर टाकला नाही. २१०० ला फोनवर ३५ चा सुळका जवळपास जमिनीला टेकलाय. १२०० ला ४० वर थोडीशी थरथर आहे. ती चार सिलिंडरची स्वतःची, ती राहणारच.

क्रँक फार वेळ डँपरशिवाय चालला नाही, म्हणून आता उघडत नाही. पुढे कधी इंजिन खाली उतरलंच तर मात्र तडा तपासून घेईन. उद्या पुढच्या सीलखाली कोरडा कागद लावून ठेवायचाय. नवं सील जरी असलं तरी तेही गळत असेल, तर हे रबरसुद्धा त्याच वाटेने जाईल.