किती काढायचं, हे कुठे ठरतं

गुरुवार, रात्र

आज बाईंची शस्त्रक्रिया झाली. गणित शिकवतात, म्हणून वॉर्डात सगळेच त्यांना ‘बाई’ म्हणायला लागले. मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या थोडं वर आणि मागे, सावकाश वाढणारा ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्याच आधारपेशींतून निघणारी गाठ. एकदा आकडी आली, एमआरआय झाला आणि त्या माझ्या ओपीडीत आल्या. तेव्हा विचारलं होतं, “दिवसभर तुम्ही काय काय करता? आणि त्यातलं काय गेलं तर तुम्हाला चालणार नाही?” त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “उजव्या हाताची बोटं थोडी बधिर झाली तर निभावून नेईन. पण फळ्यासमोर उभं राहून साधी वजाबाकी जमली नाही, तर मी काय करायचं?”

आजचा सगळा बेत या उत्तरावर आखला. शस्त्रक्रिया जागेपणी करायची आणि त्यांच्याकडून आकडेमोड करून घ्यायची.

जागेपणी म्हटलं की नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. पण मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखतं ते डोक्याच्या कातडीला आणि मेंदूवरच्या जाड आवरणाला. तिथे बधिर करणारी इंजेक्शनं दिली आणि कवटी उघडेपर्यंत रुग्णाला झोपवलं, की पुढचं काम त्यांच्याशी बोलत करता येतं. बाईंच्या उशाशी आमच्या भूलतज्ज्ञ बसल्या होत्या. “शंभरातून सात सात वजा करत चला.” त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. मी मेंदूच्या पृष्ठभागावर दोन टोकांचा प्रोब टेकवून अगदी सौम्य विद्युतप्रवाह देत होते. बहात्तर. प्रोब जरा मागे नेला आणि बाई थांबल्या. ओठ हलले, आकडा आला नाही. प्रोब उचलला. “पासष्ट.” पुन्हा तीच जागा, पुन्हा तेच. तिथे अंक छापलेला कागदाचा बारीक तुकडा ठेवला. मध्येच एकदा त्यांचा उजवा अंगठा उडायला लागला. अशी आकडी मेंदूवर बर्फासारखं थंड सलाइन सोडलं की बहुतेक वेळा थांबते, तशी थांबली.

गाठीचा बराच भाग निघाला. त्या कागदाच्या खाली खोलवर शिरलेला भाग ठेवला. रेसिडेंटनं हळूच विचारलं, “मॅडम, अजून थोडं निघेल ना?” निघालं असतं. पण ते ठेवायचं, हे बाईंनी ओपीडीतच ठरवलं होतं.

सुरुवातीच्या वर्षांत मला वाटायचं की वरिष्ठांचं सगळं कसब हातात असतं, आणि मी त्यांच्या हातांकडेच बघत बसायचे. किती काढायचं हा निर्णय मायक्रोस्कोपखाली होतो, अशी माझी समजूत होती. आज मला ठामपणे वाटतं की तो बराचसा आधीच झालेला असतो, ओपीडीत टेबलाच्या दोन बाजूंना बसून.

ग्लायोमाला कड नसते. कापडात मुरलेल्या तेलाच्या डागासारखा तो पसरतो. डोळ्यांना जिथे नितळ मेंदू दिसतो तिथेही त्याच्या पेशी पोचलेल्या असतात. जास्त काढता आलं तर रुग्ण साधारणपणे जास्त जगतो, हे खरंच आहे. त्यासाठी साधनंही आली. जलद वाढणाऱ्या ग्लायोमात रुग्णाला शस्त्रक्रियेआधी काही तास एक औषध प्यायला देतात, मग निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी-लाल चमकते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या चाचणीत या पद्धतीनं 65 टक्के रुग्णांमध्ये स्कॅनवर दिसणारी गाठ पूर्ण काढता आली, साध्या प्रकाशात 36 टक्क्यांमध्ये. मीही वापरते. पण चमकणाऱ्या भागाला खेटून बोलणं चालतं की हात हलतो, हे तो प्रकाश सांगत नाही. मेनिन्जिओमाची गोष्ट निराळी. तो आवरणातून वाढतो, मेंदूला बाहेरून दाबतो, आणि जागा सोयीची असेल तर मुळासकट निघतो. त्या दिवशी घरी लवकर झोप लागते.

रेसिडेंट ओपीडीत येतात आणि पहिल्यांदा स्क्रीनवर एमआरआय लावतात. मी तो बंद करायला सांगते. त्यांना हा माझा हट्ट वाटतो, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. 1884 साली लंडनमध्ये रिकमन गॉडली यांनी मेंदूतला ग्लायोमा काढला, तेव्हा क्ष-किरणांचाही शोध लागला नव्हता. ह्यूज बेनेट या डॉक्टरांनी रुग्णाचं ऐकून आणि त्याचा दुबळा झालेला डावा हात तपासून गाठ उजव्या बाजूला नेमकी कुठे असेल ते सांगितलं, आणि गाठ तिथेच सापडली. रुग्ण महिन्याभरात जंतुसंसर्गानं दगावला, पण जागा चुकली नव्हती. सीटी स्कॅनवर पहिल्या रुग्णाचा मेंदू दिसला तो 1971 मध्ये. मधली जवळजवळ नव्वद वर्षं आमच्या शाखेचा मोठा आधार रुग्णाचं ऐकणं आणि त्याला तपासणं हाच होता. स्कॅनमुळे असंख्य जीव वाचले, त्याबद्दल दुमत नाही. पण बाईंची वजाबाकी एमआरआयमध्ये दिसली नसती.

मणक्यातल्या गाठींबद्दल लिहायला बसले की मात्र माझा सूर बदलतो, कारण तिथे रुग्ण उशिरा येतात. 1887 साली व्हिक्टर हॉर्स्ली यांनी मज्जारज्जूला दाबणारी गाठ पहिल्यांदा यशस्वीपणे काढली. तो रुग्णही पाठदुखी घेऊन कित्येक डॉक्टरांकडे फिरला होता, दोन्ही पाय गेल्यावर त्यांच्याकडे पोचला. नंतर तो पुन्हा चालू लागला. आजही माझ्याकडे येणाऱ्यांची कहाणी पुष्कळदा अशीच असते. पाठ रात्री आडवं झाल्यावर जास्त दुखते, त्यासाठी मलम लावून होतं. पाय जड होतात, ते वयावर जातं. चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि दोन पावलं गेल्यावर कळतं, त्यावर घरात हसणं होतं. लघवीला त्रास सुरू झाला की मग धावपळ. यातलं एकेक लक्षण सुटं घेतलं तर किरकोळ, पण चार एकत्र आली तर वाट बघू नये. शस्त्रक्रियेआधी रुग्ण स्वतःच्या पायांवर चालत असेल तर नंतर चालण्याची शक्यता खूप चांगली असते. पाय लुळे पडून दिवस गेले असतील तर गाठ काढूनही हाती फार लागत नाही. दुसरीकडचा कर्करोग मणक्यात उतरून मज्जारज्जू दाबला गेला असेल, तरीही हात टेकायचं कारण नाही. 2005 सालच्या अमेरिकेतल्या चाचणीत निवडक रुग्णांमध्ये दाब काढून मग रेडिएशन दिलं तेव्हा 84 टक्के चालू शकले, नुसत्या रेडिएशननं 57 टक्के.

गाठ मज्जारज्जूच्या आतच असेल तर मागच्या बाजूला बरोबर मध्यरेषेवर चीर द्यावी लागते. रेषा हुकली तर पायांची जाण जाते, आणि रज्जूची रुंदी जेमतेम करंगळीएवढी. एपेंडायमोमा या प्रकारची असेल तर गाठ आणि रज्जू यांच्यामध्ये बहुधा एक पातळशी फट मिळते. ती सापडेपर्यंत ओटीत कुणी बोलत नाही. शेजारी मॉनिटरवर पायांच्या स्नायूंचे संदेश चालू असतात. ते मंदावले की हात काढून घ्यायचा, कोमट सलाइन सोडायचं आणि थांबायचं. पुष्कळदा संदेश परततात. ती मिनिटं मला अजूनही जड जातात.

बाई संध्याकाळी आयसीयूत बऱ्या होत्या. उजवी तर्जनी थोडी बधिर आहे. गाठीचा जनुकीय अहवाल आल्यावर पुढचं ठरेल.

दुसरे एक गृहस्थ शनिवारच्या यादीत आहेत. ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे सगळ्यात आक्रमक ग्लायोमा असावा, मेंदूच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. मुलगा आज दारातच गाठून म्हणाला, “मॅडम, बाबांना काही सांगू नका. तुम्ही जास्तीत जास्त काढून टाका.” त्याची तगमग मला कळते. रेडिएशनच्या जोडीला टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध दिलं तर निम्मे रुग्ण साधारण 14.6 महिन्यांपुढे जातात, हा 2005 सालचा आकडा त्यानं मोबाइलवर वाचला होता. मी त्याला म्हटलं, निम्मे त्याआधी जातात आणि निम्मे त्यानंतर, तुझे बाबा कुठल्या बाजूला असतील हे मी आज सांगू शकत नाही. पण बाबांना न विचारता त्यांच्या मेंदूतलं किती काढायचं हेही मी ठरवणार नाही. बोलणं शाबूत ठेवून नुसती बायोप्सी पुरे, असं त्यांचं म्हणणं असेल तर मी तेवढीच करेन. मुलाला हे पटायला वेळ लागेल, म्हणून उद्या राउंडच्या आधीच त्याला माझ्या खोलीत बोलावलं आहे.