आणि तिसरा कोण?

स्मरणिकेच्या कमिटीने ‘शाळेने मला काय दिलं’ असा विषय दिलाय, पण त्यावर भाषण ठोकण्यापेक्षा मी सरळ 1969 बद्दलच लिहितो. मी तेव्हा सातवीत. 21 जुलै, सोमवार, आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजत आले होते तेव्हा आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाय ठेवला आणि आमची सकाळची शाळा भरलेली. मुंबईत टीव्ही यायला अजून तीन वर्षं होती, त्यामुळे जे काही ते रेडिओवर. शिपाईकाकांचा ट्रान्झिस्टर टीचर्स रूममध्ये, दाराशी आम्ही पोरं, अर्धी खरखर अर्धं इंग्लिश, कळत कोणालाच काही नव्हतं पण हलायलाही कोणी तयार नाही.

नंतर विज्ञानाचे सर वर्गात आले आणि विचारलं, चंद्रावर कोण गेलंय रे? सगळे ओरडलो, आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन! सर म्हणाले, आणि तिसरा कोण? वर्ग चिडीचूप. मग त्यांनी फळ्यावर मायकेल कॉलिन्स लिहिलं आणि सांगितलं की खाली उतरलेले दोघं ज्या ईगलमध्ये आहेत ते वर येऊन कोलंबिया यानाला जोडलं गेलं नाही तर त्यांना घरी यायला दुसरी गाडी नाही, आणि ते कोलंबिया हा माणूस एकटा सांभाळतोय, आत्ता, तुम्ही इथे बसलायत तेव्हा, आणि चंद्राच्या मागे गेला की जवळजवळ पाऊण तास त्याचा पृथ्वीशी संपर्कच नसतो. त्या दिवसापासून सरांना सवयच लागली. एव्हरेस्ट असो नाहीतर क्रिकेट, नावं सांगितली की पुढचा प्रश्न ठरलेला.

ऑक्टोबरमध्ये ते तिघं चक्क मुंबईत आले! 26 तारीख, रविवार, कोजागिरी नुकतीच झालेली. आझाद मैदानावर सत्कार होता, आम्ही गिरगावातून धोबीतलावपर्यंत चालत गेलो, पुढे चालायची गरजच नव्हती, गर्दीच ढकलत नेत होती. दिसलं म्हणजे काय, लांबवर माणसांचे ठिपके. आमचा एक दोस्त मात्र आजही शपथेवर सांगतो की कॉलिन्सने त्याच्याकडे बघूनच हात हलवला. असेल बुवा.

गंमत म्हणजे या दोन तारखांच्या मध्ये, 15 ऑगस्ट 1969 ला, आपली इस्रो स्थापन झाली आणि आम्हाला पत्ताही नव्हता. विक्रम साराभाईंचं नाव मी तरी खूप नंतर ऐकलं. केरळात रॉकेटं सोडायला थुंबाची जागा निवडताना (तिथून चुंबकीय विषुववृत्त जवळ जातं म्हणून ती निवडली) त्यांच्याबरोबर काम केलेले एकनाथ चिटणीस आपल्या कोल्हापूरचे, हे तर त्याहून उशिरा. रॉकेटच्या घन इंधनावर काम करणारे वसंत गोवारीकर आपले मराठी, पण त्यांचंही नाव शाळेत कधी निघालं नाही. सरांना माहीत असतं तर त्यांनी नक्की विचारलं असतं.

23 ऑगस्ट 2023 ला संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी चांद्रयान-3 चा विक्रम लँडर उतरला तेव्हा आमच्या मॅट्रिक 1974 च्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता झेंड्यांचा आणि फटाक्यांचा पाऊस. मी टाइप केलं, प्रोजेक्ट डायरेक्टर कोण? पाच मिनिटं कोणी काही बोलेना, मग अमेरिकेतून एकीने लिहिलं, वीरमुथुवेल, आणि त्यांच्याबरोबर कल्पना कालाहस्ती, आणि खाली, ‘सर, बरोबर?’ ग्रुपवर हसण्याच्या स्मायल्या पडल्या पण मला जरा भरून आलं, खोटं कशाला बोलू.

आता मुद्द्याचं. हॉलमध्ये थोरामोठ्यांच्या तसबिरी आहेत, त्या राहू देत. पण प्रयोगशाळेत साराभाई, चिटणीस, गोवारीकर आणि कॉलिन्स असे चार फोटो लावूया. फ्रेमचा खर्च आमची बॅच करेल. फक्त खिडकीकडच्या भिंतीला लावू नका, तिथे पावसाळ्यात ओल येते, निदान आमच्या वेळी तरी यायची.