डाव्या हाताची नाडी

“तुमालेबी नाही सापडली का जी?” तिनं विचारलं.

तिचं डावं मनगट धरून मी, भूल देणारी डॉक्टर, केव्हाची उभी होते. नाडी नव्हतीच. उजवीकडे होती, पण पुसट.

यवतमाळमधल्या घाटंजीकडच्या खेड्यातली, वय २३, आधीचं एक सिझर, आता आठवा महिना. कार्डावर दर वेळी बीपी ८०-९०. अशक्तपणा म्हणून लोहाच्या गोळ्या. शेतातल्या कामाचं विचारलं तर म्हणाली, “कापूस येचता येचता डावा हात भरून येते, मंग थांबा लागते.” दोन वर्षांपासून! माझ्या पोटात गोळाच आला. बीपी मोजायचा मोठा पट्टा, कफ, मांडीला बांधला. १७०.

म्हणजे बीपी कमी नव्हतंच. हातांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसल्यामुळे हातावरचा आकडा खोटा येत होता. ताकायासु आर्टरायटिस, मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्या आकसण्याचा आजार. १९०८ मध्ये मिकितो ताकायासु या जपानी नेत्रतज्ज्ञानं अशा रुग्णाच्या डोळ्यातले बदल मांडले, त्यांचंच नाव. होतो तो बहुतेक तरुण बायकांना. गरोदर बाईच्या दोन्ही हातांची नाडी एकदा तरी धरून पाहा, असं मी आता प्रत्येक सिस्टरला सांगते.

बीपीच्या गोळ्या सुरू केल्या, नागपूरला इको, डॉपलर, म्हणजे हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी झाली. मानेतली एक रक्तवाहिनीही अरुंद निघाली.

एरवी सिझर आम्ही स्पायनलवरच करतो, म्हणजे पाठीत एकच इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करून. इथे मला ते नको होतं. बीपी धाडकन पडलं तर त्या अरुंद वाटेनं मेंदूला रक्त पुरायचं नाही. पूर्ण भूल द्यावी तर नळी टाकताना बीपी भडकतं, मान मागे ताणली जाते, आणि झोपलेल्या बाईच्या मेंदूचं काय चाललंय ते कळत नाही. म्हणून एपिड्युरल: पाठीत बारीक नळी ठेवून तिच्यातून हळूहळू औषध. तीन-तीन मिली, थांबून थांबून, म्हणजे बीपी एकदम पडत नाही. सर्जन मॅडम पाऊण तास ग्लोव्हज घालून उभ्या होत्या, एकदाही घाई केली नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. कफ पायाला, उजव्या कुल्ह्याखाली उशी. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळायला देतात ते मेथर्जिन ट्रेमधून काढायला लावलं, त्यानं रक्तवाहिन्या आवळतात.

मी तिला बोलतं ठेवलं. यंदा पऱ्हाटी कशी, वेचाईचे किलोला किती मिळतात, बोंडअळी किती. ती नीट उत्तरं देतेय तोवर मेंदूला रक्त पोचतंय.

मध्येच ती गप्प झाली. माझा हात बीपी चढवणाऱ्या फेनिलएफ्रिनच्या सिरिंजकडे गेला. पायाचं बीपी १४०.

“काय झालं गं? बोल ना!”

“काही नाही जी. लेकरू रडते का, ऐकून राह्यली.”

रडलं.